सतरा नंबरचं दही

बसमध्ये एक बेल म्हणजे थांब आणि दोन बेल म्हणजे चल. एकोणीस वर्षं कंडक्टरकी केली मी. त्यातली अकरा वर्षं माझ्या पोटानं मला फक्त एकच बेल दिली.

रोगाचं नाव क्रोन्स, म्हणजे आतड्याची न जाणारी सूज. ते नाव कळायलाच साडेतीन वर्षं गेली. आधी एका डॉक्टरनं आतड्याचा टीबी ठरवून नऊ महिने गोळ्या चारल्या. दोन्ही रोग आतून सारखेच दिसतात, हे मला नंतर कळलं. पण समोरची बाई नऊ महिन्यांत सोळा किलो उतरलेली बघून तरी शंका यावी का नको? दुसरा म्हणाला, "टेन्शन घेऊ नका." मी त्याला म्हटलं, "डॉक्टर, गाडीत पन्नास माणसं. पुढचा स्टँड चाळीस किलोमीटरवर. तिथल्या बायकांच्या संडासाला कुलूप, आणि किल्लीवाला जेवायला गेलेला. या टेन्शनवर एखादी गोळी आहे का तुमच्याकडं?"

नव्हती.

गाड्या विजेच्या झाल्या. माणसाचा चेहरा बघून मशीन तिकिटाचे पैसे कापायला लागलं. कंडक्टर ठेवला तो भांडणं मिटवायला आणि म्हाताऱ्यांना हात द्यायला. सगळं बदललं, ते कुलूप मात्र तेच राहिलं. माझे ड्रायव्हर समजूतदार होते. सर्जेराव तर पेठ नाक्याच्या पुढं उघड्या संडासाचा चार्जिंग पंप दिसला की न विचारता गाडी बाजूला घ्यायचा आणि प्रवाशांना ओरडून सांगायचा, "टायर बघतो जरा!" त्या टायरनं माझी अब्रू किती वेळा राखली, मोजली नाही.

शेवटी एकदा पंपापर्यंत पोचले नाही. जास्त सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मला रूटवरून काढून स्टँडवरच्या माईकवर बसवलं. केबिनपासून संडास बावीस पावलांवर होता, म्हणून ती जागा मीच मागून घेतली. गाड्यांची नावं पुकारायची, पण कुठल्याही गाडीत चढायचं नाही.

दोन हजार एकोणचाळीस साली मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात या रोगाच्या नव्या औषधाचा प्रयोग सुरू झाला. चाळीस रोगी पाहिजे होते. डॉ. तेजश्री कुरुंदवाडे प्रयोगाच्या प्रमुख. चाळिशीच्या, बुटक्या, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला ओळीनं बसवलं आणि फळ्यावर आतडं काढलं.

"हे राखणदार," त्या म्हणाल्या. "शरीरात चोर शिरला की यांनी मारायचं. तुमच्या आतड्यात हे चोर नसतानाही मारत सुटलेत. आजवरची औषधं काय करतात, तर सगळ्या अंगातल्या राखणदारांना झोपवतात. मग खरा चोर आला की पंचाईत. आम्ही वेगळं करतोय. दह्यात असतात त्यांच्या जातीचा एक जंतू घेतलाय. त्याच्यात एक जनुक घातलंय. सुजलेली जागा लागली की हा जंतू तिथंच, तेवढ्यापुरता, शांत करणारा रस सोडतो. सूज नसेल तर गप्प बसतो."

"आणि तो बाहेर पडून गावभर हिंडला तर?" मागून एकानं विचारलं.

"नाही हिंडणार. त्याला आम्ही मुद्दाम अपंग केलंय. थायमिडीन नावाचं एक द्रव्य त्याला स्वतःला बनवता येत नाही. कॅप्सूलमध्ये ते दोन दिवसांपुरतं भरलंय. शिदोरी संपली की मेला. म्हणून दर तिसऱ्या दिवशी नवी कॅप्सूल. आख्खी गिळायची, फोडायची नाही. आणि प्रयोग चालू आहे तोवर दही-ताक बंद."

मग फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: गोळी आतड्यात अडकण्याचा त्रास पूर्वी झाला आहे का? मला झाला होता. सुजून सुजून माझं आतडं एका जागी बोटाएवढं चिंचोळं झालेलं. एक मोठी गोळी तिथं चार दिवस अडकली होती आणि चार दिवस मी गुरासारखी ओरडत होते. पण 'हो' लिहिलं तर प्रयोगातून बाद, हे न सांगता कळत होतं.

मी 'नाही'वर खूण केली. नंबर मिळाला सतरा.

जावेदची आणि माझी ओळख तिथल्याच संडासाच्या दारात झाली. एकोणतीस वर्षांचा, नुसता हाडांचा सापळा. मिरजेतल्या सतार बनवणाऱ्या घरातला, आडनावच सतारमेकर. दोघं एकदमच दाराशी पोचलो.

"आक्का, तुम्ही जावा आधी," तो घामेजल्या तोंडानं हसून म्हणाला. "आम्हाला तार ताणून धरायची सवय असते."

त्यानंतर दर सोमवारी आम्ही शेजारी बसायचो. जंतूंना तो 'पाहुणे' म्हणायचा. "काय आक्का, पाहुणं राहिलं का गेलं?"

"चहासुद्धा घेतला नाही रे. उठून गेलं."

आता माझी चूक सांगते.

पहिली कॅप्सूल हातात घेतली आणि ती चार दिवसांची ओरड आठवली. गिळायचं धाडस होईना. मी ती फोडली आणि आतली पूड पेलाभर कोमट दुधात ढवळली. म्हटलं, दुधानं काय होतंय? पेला तोंडाला लावणार एवढ्यात कळ आली. पेला ओट्यावर ठेवून पळाले. बाहेर यायला अर्धा तास लागला.

तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरात आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. ओट्यावर कोमट दूध दिसलं की त्या दुसरं काही समजूच शकत नाहीत. त्यांनी पेला गाडग्यातल्या दुधात ओतला, चमचाभर विरजण लावलं आणि वर ताटली ठेवली. ते विरजण त्यांनी माहेराहून आणलेलं. बावन्न वर्षं कधी मोडलं नव्हतं.

"आत्या, ते माझं औषध होतं!"

"आगं मग दह्यात हाय की. कुठं जातंय?"

सकाळी दही लागलं. औषध टाकून द्यायचं तर तीन दिवस कोरडे. मी वाटीभर दही खाल्लं. म्हणजे दोन नियम मोडले, आणि फॉर्मवरचं खोटं धरलं तर तीन.

आठव्या दिवशी माईकवर बसून मी सकाळच्या सगळ्या गाड्या पुकारल्या आणि मग लक्षात आलं, मी उठलेच नव्हते.

पुढची प्रत्येक कॅप्सूल मी दुधातच फोडली. रोजचं दही आदल्या दिवशीच्या दह्यातून लागत होतं, आणि मी रोज वाटीभर खात होते. तीन महिन्यांत सात किलो भरले. रक्त थांबलं. सुजेचा आकडा अठराशेवरून नव्वदवर आला. डॉ. कुरुंदवाडे माझा रिपोर्ट उलटसुलट करून बघायच्या.

"सतरा नंबर, तुमच्यात काय वेगळं आहे हो?"

"नशीब," मी म्हणाले. हे बोलताना जावेद शेजारी बसलेला होता. त्याच्याकडं मी बघितलं नाही.

कारण बाकीच्या एकोणचाळीस जणांना कणभरही फरक नव्हता. चौथ्या महिन्यात प्रयोग थांबवला. कॅप्सूल बंद.

मी घाबरून वाट बघत बसले, आता कळ येईल, मग येईल. एक आठवडा गेला, दोन गेले. पाचव्या आठवड्यात मी चक्क भाकरीबरोबर ठेचा खाल्ला आणि काही झालं नाही. कॅप्सूल नाही, तरी पोट शांत. तेव्हा माझी नजर त्या गाडग्यावर गेली.

दोन दिवसांत मरायला पाहिजे होते ते जंतू पाच आठवडे आमच्या ओट्यावर नांदत होते.

त्याच आठवड्यात दोन निरोप आले. पहिला डेपोचा: पहिल्या तारखेपासून मिरज–स्वारगेट, लांब पल्ल्याची ड्यूटी. मी ते पत्र तीनदा वाचलं. दुसरा जावेदचा फोन.

"पंधरा तारखेला कापणार आक्का. आतडं फुटायला आलंय म्हणे. पोटावर शौचाची पिशवी लावणार. मी सतारीचे भोपळे कोरतो ना, आतून. तसाच मला कुणीतरी कोरून ठेवलाय. सतार जुळवताना मांडीवर, पोटाला लावून धरायला लागते. पिशवी कुठं ठेवू?"

मी म्हटलं, "बघू." फोन ठेवला आणि स्वतःलाच शिवी दिली.

संध्याकाळी घरात सांगितलं. माझा नवरा दिगंबर शांत माणूस आहे, कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"सांगितलंस तर काय होईल माहिती आहे? गाडगं उचलून नेतील. तुला बाद करतील. परत त्या केबिनमध्ये बसणार? परत रक्त? अकरा वर्षं मी काय बघितलंय ते मला विचार."

"आणि जावेद?"

"डबाभर दही दे त्याला गुपचूप. कुणाला कळतंय?"

खरं सांगते, मी डबा काढला होता. धुऊन पुसून ठेवला होता. मग हात थांबला. जावेदच्या अंगातले राखणदार इंजेक्शनांनी झोपवलेले, आतडं फुटायला आलेलं. या गाडग्यात नेमकं काय वाढतंय हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या पोटाला मानवलं म्हणून त्याच्या पोटावर अंदाजानं मारा करायचा? मग मला नऊ महिने टीबीच्या गोळ्या चारणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

आणि गप्प बसले तर? एकोणचाळीस माणसं 'औषध लागू पडत नाही' हा शिक्का घेऊन घरी जाणार. औषध लागू पडत होतं. ते कसं, हे फक्त ओट्यावरच्या गाडग्याला ठाऊक होतं.

"आत्या, मी हे आत्ताच दवाखान्यात नेते."

"आत्ता न्हाई," आत्या म्हणाल्या. "दिवं लागल्यात. दिवं लागल्यावर विरजान घराबाहेर जात न्हाई. सकाळी ने."

"आई, तू तरी सांग हिला, नेऊ नको म्हणून," दिगंबर म्हणाला.

"मी का सांगू? विरजान मागाय आल्याला मी जल्मात न्हाई म्हनलं न्हाई. ती पोरं तर मरनाच्या दारातनं मागत्यात."

सकाळी गाडगं मांडीवर घेऊन मी मिरजेला गेले. डॉ. कुरुंदवाड्यांच्या टेबलावर ठेवलं आणि फॉर्मवरच्या खुणेपासून पहिल्या वाटीपर्यंत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला.

"तुम्हाला कळतंय तुम्ही काय केलंत? बदललेला जंतू तुम्ही उघड्यावर वाढवलात! माझ्या सहा वर्षांच्या कामाचं मातेरं केलंत! खोटं कशाला लिहिलंत?"

"खरं लिहिलं असतं तर घेतलं असतं का मला?"

"नाही."

"मग? ज्याचं आतडं सगळ्यात जास्त सडलंय त्यालाच तुमच्या दारात मज्जाव. बरे होण्याइतके बरे असाल तरच या! असला फॉर्म कुणी लिहिला, बाई?"

त्या उत्तर द्यायला उठल्या आणि परत बसल्या. म्हणाल्या, "मी लिहिला." मग गाडग्याची ताटली उचलून आत बघितलं. "हे आणखी कुठं कुठं गेलंय?"

"आमच्या गल्लीत सात घरं आत्यांकडून विरजण नेतात."

"अरे देवा," असं कुरुंदवाडेबाई म्हणाल्या, आणि त्यानंतर पुढचे दोन महिने त्यांना झोप नव्हती.

सात घरांतल्या एकतीस माणसांची तपासणी करायची ठरली. शौचाचे नमुने पाहिजेत, हे सांगायला दारोदार जायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. शेजारच्या मालनकाकू कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "म्हंजे आम्ही तुझ्याकडनं दही नेलं, आणि तू आता आमच्याकडनं हे न्यायला आलीस व्हय? चांगली फेड केलीस, वैजयंता!" शिव्या घातल्या, महिनाभर बोलल्या नाहीत. पण डबी भरून दिली. सातही घरांनी दिली.

एकाही माणसाला काही झालेलं नव्हतं. सूज नव्हती म्हणून जंतू त्यांच्या पोटातून गप्प वाट काढत गेले. दही बंद केल्यावर तीन आठवड्यांत एकाच्याही पोटात ते सापडले नाहीत.

गाडग्याचं कोडं डॉक्टरांनी मला फळ्यावर उलगडून दाखवलं. "आम्ही या जंतूला दुधात चाळीस वेळा टाकून बघितलं होतं. चाळीसही वेळा मेला. पण आमचं दूध उकळून निर्जंतुक केलेलं. त्यात तो एकटा. तुमच्या आत्यांच्या विरजणात बावन्न वर्षांचं गाव नांदतंय. त्यातले म्हातारे जंतू मरतात, फुटतात, आणि त्यांच्या अंगातलं थायमिडीन दुधात सांडतं. आमच्या अपंगाला शेजाऱ्यांनी जेवू घातलं." त्या खडूचे हात झटकत होत्या. "आणि कॅप्सूलमधले गोठवून वाळवलेले, झोपलेले. पोटात जाऊन डोळे उघडेपर्यंत त्यांची शिदोरी संपायची. दह्यातून जे जात होते ते जागे होते, हजारपट होते. आम्ही उपाशी, एकटे सैनिक पाठवत होतो."

"आता मग?"

"आता नियमाप्रमाणे हे सगळं नष्ट करायचं. आणि मग परवानगी घेऊन, पहिल्यापासून, नीट करायचं. चार नळ्या सीलबंद ठेवायला मी समितीशी भांडलेय."

आठही घरांतलं विरजण जंतुनाशकात ओतलं गेलं. आत्या उभ्या राहून बघत होत्या. रडल्या नाहीत. रिकामं गाडगं स्वतः घासून पालथं घातलं.

बंद पडलेल्या प्रयोगाच्या यादीतून मी बाद झाले. खोटं लिहिल्याबद्दल तसं पत्रही आलं. स्वारगेटची ड्यूटी मी स्वतःच डेपोत जाऊन परत केली, कारण दही बंद झाल्यावर चौथ्या आठवड्यात कळ आली, पाचव्यात रक्त. दिगंबर एका शब्दानं 'बघ' म्हणाला नाही. त्यानं केबिनमधली माझी उशी परत नेऊन ठेवली.

जावेदचं ऑपरेशन टळलं नाही. दीड फूट आतडं काढलं, पिशवी लागली. मी भेटायला गेले, सगळं सांगितलं. तीन महिने त्याच्या शेजारी बसून मी बरी होत होते आणि बोलले नव्हते, हेही सांगितलं. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. मी उठून दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला.

"आक्का, आधी सांगितलं असतं तर पिशवी टळली असती का?"

"माहिती नाही रे. टळली असती कदाचित."

"हां," तो म्हणाला. "खरं बोलायला लागलात तर." आणि मग, "बसा. चहा सांगतो. पाहुण्यासारखं उठून जाऊ नका."

नवा प्रयोग उभा राहायला दहा महिने लागले. दहा महिने मी माईकवर बसून लोकांच्या गाड्या पुकारल्या. या खेपेला कॅप्सूल नव्हती. आत्यांच्या विरजणातले तीन जंतू वेगळे काढून त्यांच्या सोबतीनं अपंग जंतू वाढवलेला, वाटीत घालून द्यायचा. फॉर्म नवा होता. चिंचोळ्या आतड्याच्या लोकांना बाद करणारा प्रश्न त्यात नव्हता. उलट 'असा त्रास असल्यास अवश्य कळवा, त्याप्रमाणे मात्रा बदलू' असं लिहिलेलं. मी 'हो'वर खूण केली आणि खाली गरज नसताना सहीही ठोकली.

वाटप सहा वाजता बंद व्हायचं. डॉक्टर रोग्यांना सांगायच्या, "दिवे लागल्यावर विरजण मिळत नाही." लोकांना वाटायचं, हा विज्ञानाचाच काही नियम असेल.

त्या स्वतः एकदा आमच्या घरी आल्या. पिशवीतून काचेची छोटी बाटली काढली. तो बदललेला जंतू वजा करून, आत्यांचं मूळ विरजण त्यांनी त्या चार नळ्यांतून परत वेगळं काढलं होतं. आत्यांनी बाटली उजेडात धरून वास घेतला.

"हेच हाय," त्या म्हणाल्या. "दिवस असताना आनलीस, बरं केलंस पोरी." आणि पालथं गाडगं सुलटं केलं.

नव्या प्रयोगातल्या चाळीसपैकी सत्तावीस जणांची सूज उतरली. तेराजणांची नाही. ते तेरा का, यावर कुरुंदवाडेबाई आता काम करताहेत, आणि त्या तेराजणांच्या घरच्या गाडग्यांत काय आहे हेही बघताहेत. त्या सत्तावीसांत मी आहे. जावेदची पिशवी निघाली, तोही आहे.

गेल्या महिन्यात मी मिरज–स्वारगेट घेतली. ड्रायव्हर सर्जेराव. तिसऱ्या सीटवर जावेद, पुण्याच्या गिऱ्हाइकाला द्यायची सतार लेकरासारखी मांडीवर, पोटाला धरून. पेठ नाका गेला. पंप दिसायला लागला तसा सर्जेरावनं आरशात बघितलं.

"आक्का, टायर बघू का?"

"कशाला? मला काही नको."

"न्हाई, सवयीनं विचारलं."

मी हसून मागं वळले. बाराव्या सीटवर एक विशीतली मुलगी वाकून बसली होती. दोन्ही हात पोटावर, ओठ दातात, नजर खिडकीबाहेर पुढचा स्टँड शोधणारी. ती नजर मला पाठ आहे. पुढच्या स्टँडवर तिला काय भेटणार तेही पाठ आहे. त्या कुलपावरचं औषध कुठल्या प्रयोगशाळेत निघायचं नाही. त्याला आपल्यालाच हातोडा घ्यावा लागणार आहे, आणि या खेपेला मी डेपोत अर्ज नाही, हातोडाच घेऊन जाणार आहे.

मी एक बेल दिली. गाडी पंपावर थांबली.

"टायर बघतोय!" सर्जेराव ओरडला.

मी मुलीजवळ गेले. "जा. डाव्या हाताला आहे, उघडं असतं. गडबड करू नको, गाडी मी धरून ठेवते."

ती आली, सीटवर बसली, माझ्याकडं बघून तिनं श्वास सोडला. मी तिच्या हातात कुरुंदवाडेबाईंच्या विभागाचा नंबर लिहिलेला कागद दिला आणि म्हटलं, "सहाच्या आत जायचं बरं का."

मग दारापाशी येऊन दोन बेल दिल्या.